अनेकमूल्य फलनांच्या आवर्ती कक्षा आणि अवकल समावेशने

१

गणितात 'फलन' ही संज्ञा वापरताना एक अट नेहमी गृहीत धरलेली असते. दिलेल्या प्रत्येक घटकास एक आणि एकच घटक नेमून दिलेला असला पाहिजे, ही ती अट होय. ही अट सोडून एका घटकास अनेक घटक, किंबहुना घटकांचा एक संपूर्ण संच, नेमून देण्याची मुभा ठेवली, म्हणजे जे मिळते त्यास ह्या लेखात अनेकमूल्य फलन असे म्हटले आहे. 'बहुमूल्य' हा शब्द अधिक सुटसुटीत खरा. परंतु मराठीत त्याला मौल्यवानतेचा अर्थ इतका घट्ट चिकटलेला आहे, की पारिभाषिक संज्ञा म्हणून तो वापरल्यास वाचकाची दिशाभूलच व्हावयाची.

भाषाभ्यासकास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. वैकल्पिक नियम म्हणजे अनेकमूल्य फलनच होय. पाणिनीने 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' हे शब्द योजून जेथे जेथे विकल्प सांगितला आहे, तेथे तेथे एकाच निवेशापासून एकाहून अधिक रूपे सिद्ध होतात. (हे तीन शब्द समानार्थी नसून विकल्पातील अधिक-उणी पसंती दर्शवितात, असा पक्ष पॉल किपार्स्की ह्यांनी १९७९ मध्ये मांडला; तो येथे प्रस्तुत नाही.) औपचारिक व्याकरणांच्या अभ्यासातही मायकेल रेबिन आणि डेना स्कॉट ह्यांनी १९५९ मध्ये अशी यंत्रे विचारात घेतली, की ज्यांची पुढील अवस्था चालू अवस्थेवरून आणि वाचलेल्या अक्षरावरून एकच ठरत नाही. विकल्प असणे हा नियमाचा दोष नव्हे. नियम जेवढे सांगतो तेवढेच तो सांगतो, आणि उरलेली निवड मोकळी ठेवतो.

आता एखादा नियम पुन्हा पुन्हा लावत गेले असता काय होते, हा प्रश्न घेऊ. एका बिंदूपासून निघावे, नियमाने जो बिंदू मिळेल त्याला तोच नियम लावावा, आणि असे करीत जावे. काही पायऱ्यांनंतर आपण मूळ बिंदूवर परत आलो, तर ती आवर्ती कक्षा झाली. नियम एकमूल्य असताना अशा कक्षांविषयी एक अत्यंत सुंदर प्रमेय उपलब्ध आहे. नियम अनेकमूल्य झाला, की ते प्रमेय जसेच्या तसे टिकत नाही. ते कोठे मोडते आणि का मोडते, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझ्या मते त्याचे कारण एकच आहे: एकमूल्य नियमात आवर्तकाल हा बिंदूचा गुण असतो, अनेकमूल्य नियमात तो निवडींच्या अनुक्रमाचा गुण होतो.

२

कीव्ह येथील गणिती अलेक्सांद्र शार्कोव्स्की ह्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रमेय असे आहे. रेषेवरील एखाद्या अंतरालातून त्याच अंतरालात जाणारे एक संतत फलन घ्यावे. धन पूर्णांक पुढील विलक्षण क्रमाने मांडावेत: प्रथम ३, ५, ७ ह्याप्रमाणे एकाहून मोठे सर्व विषम अंक, मग त्यांची दुप्पट, म्हणजे ६, १०, १४ इत्यादी, मग चौपट, आठपट, असे अनंतापर्यंत, आणि सर्वांच्या शेवटी दोनाचे घात उतरत्या क्रमाने, म्हणजे..., ८, ४, २, १. फलनाला ह्या क्रमातील एखाद्या अंकाइतक्या आवर्तकालाची कक्षा असेल, तर क्रमात त्याच्या पुढे येणाऱ्या प्रत्येक आवर्तकालाची कक्षाही असलीच पाहिजे. तीन हा अंक सर्वांच्या अग्रभागी असल्यामुळे, तीन आवर्तकालाची एक जरी कक्षा सापडली तरी सर्व आवर्तकालांच्या कक्षा हाती येतात. प्रमेयाच्या ह्या एवढ्याच भागाचा ली आणि यॉर्क ह्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत स्वतंत्रपणे शोध लावला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'अनागोंदी' ह्या अर्थाचा शब्द असल्याने तो निबंध गाजला आणि शार्कोव्स्कींचे नाव पश्चिमेकडे काहीसे उशिरा पोहोचले.

ह्या प्रमेयाची सिद्धता अखेर मध्यमूल्य प्रमेयावर उभी आहे. संतत फलन एका अंतरालाच्या दोन टोकांना जी मूल्ये घेते, त्यांच्या दरम्यानचे एकही मूल्य ते गाळू शकत नाही. त्यामुळे एखादे अंतराल दुसऱ्याला 'झाकते', दुसरे तिसऱ्याला झाकते, अशा साखळ्या तयार होतात आणि प्रत्येक बंद साखळीतून एक आवर्ती बिंदू निघतो.

अनेकमूल्य फलनातही मध्यमूल्याचा गुण राखता येतो. त्यासाठी दोन अटी पुरतात. पहिली अशी, की प्रत्येक बिंदूचा मूल्यसंच हा एक बिंदू तरी असावा किंवा दोन्ही टोके समाविष्ट असलेले अंतराल असावे. दुसरी अशी, की बिंदू सरकत एका मर्यादेस पोहोचला असता त्यांची मूल्ये ज्या मर्यादेकडे जातात, ती मर्यादा-बिंदूच्या मूल्यसंचात असावी. ह्या दुसऱ्या गुणास ऊर्ध्व अर्धसंततता म्हणतात. आलेख काढला तर तो कोठेही तुटलेला दिसत नाही. फक्त त्यात काही ठिकाणी उभे रेषाखंड असू शकतात. असा आलेख पाहून कोणासही वाटेल, की शार्कोव्स्कींची सिद्धता येथे शब्दशः चालेल. ती चालत नाही. पुढील उदाहरण वाचकाने कागदावर काढून पाहावे, अशी शिफारस आहे.

१ ते ३ हे अंतराल घ्या. १ पासून २ च्या अलीकडील प्रत्येक बिंदूला २ हे मूल्य द्या. २ ह्या बिंदूला २ ते ३ हे संपूर्ण अंतराल द्या. २ च्या पलीकडील प्रत्येक बिंदू क्ष ह्याला ४ − क्ष हे मूल्य द्या; म्हणजे ३ ला १ मिळेल. आलेख १ ते २ पर्यंत आडवा जातो, २ वर सरळ उभा चढतो, आणि पुन्हा २ च्याच उंचीवरून सुरू होऊन ३ पर्यंत तिरपा उतरतो. वरील दोन्ही अटी येथे पाळल्या आहेत.

ह्या फलनाला तीन आवर्तकालाची कक्षा आहे: १ वरून २ वर, २ वरून ३ वर (कारण ३ हा २ च्या मूल्यसंचात आहे), आणि ३ वरून १ वर. आता दोन आवर्तकालाची कक्षा शोधू. तिच्यात दोन भिन्न बिंदू असले पाहिजेत. त्यातला एक २ च्या अलीकडे असेल तर दुसरा २ च असणार. पण २ वरून २ च्या अलीकडे जाता येत नाही. एक बिंदू २ च्या पलीकडे असेल तर दुसरा २ च्या अलीकडे पडतो, आणि तेथून २ वरच जावे लागते, पहिल्या बिंदूवर नव्हे. म्हणजे दोन आवर्तकालाची कक्षा नाहीच. शार्कोव्स्कींच्या क्रमात तीन सर्वांच्या आधी आणि दोन जवळजवळ सर्वांच्या शेवटी. तरीही तीन आहे आणि दोन नाही.

सिद्धता कोठे अडखळली? १ ते २ ह्या अंतरालाने २ ते ३ ला झाकले आहे हे खरे, परंतु ते झाकण्याचे सर्व काम २ ह्या एकाच बिंदूने केले आहे. साखळी बंद करून जो आवर्ती बिंदू मिळतो तोही २ च असतो, आणि २ वरून २ वर जाण्याची मुभा असल्यामुळे ती 'दोन पायऱ्यांची' कक्षा प्रत्यक्षात एकाच पायरीची दोनदा केलेली पुनरावृत्ती ठरते. आपण दोन भिन्न बिंदू मागतो आणि एकच बिंदू दोनदा मिळतो.

येथेच दुसरा, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, प्रश्न उभा राहतो. ह्या फलनाला चार आवर्तकालाची कक्षा आहे काय? २, २, ३, १ हा अनुक्रम पाहा. प्रत्येक पायरी नियमास धरून आहे. शेवटच्या १ वरून पहिल्या २ वर येता येते. अनुक्रम चार पदांनी पुनरावृत्त होतो, त्याहून लवकर नाही. परंतु त्यात २ हा बिंदू दोन वेळा आला आहे. एकमूल्य फलनात असे कधीच घडू शकत नाही; तेथे बिंदू पुन्हा आला की त्याच्या मागोमाग सारा इतिहास पुन्हा येतो. येथे मात्र पहिल्या खेपेस २ नंतर २ आला आणि दुसऱ्या खेपेस ३. कक्षेतील सर्व बिंदू भिन्न असलेच पाहिजेत असा आग्रह धरला, तर ह्या फलनाला केवळ १ आणि ३ एवढेच आवर्तकाल आहेत. आग्रह सोडून अनुक्रमाच्या पुनरावृत्तीकडे पाहिले, तर आरंभी हवे तितके दोन लिहून शेवटी ३, १ जोडल्याने ३ आणि त्यापुढील सर्व आवर्तकाल मिळतात. स्थिर बिंदू २ असल्यामुळे १ ही आहे. गाळला जातो तो फक्त २ हा आवर्तकाल.

दोन व्याख्यांपैकी कोणती स्वीकारावी, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. ज्यांनी ह्या विषयाचा पाया घातला त्यांनी दुसरी स्वीकारली, आणि मला ती योग्य वाटते. एखाद्या शब्दात एकच वर्ण दोनदा आला म्हणून आपण त्या शब्दाला तोकडा ठरवीत नाही. 'बाबा' हा शब्द 'बा' ची द्विरुक्ती आहे, पण 'बाबत' हा नाही. कक्षेचेही तसेच. ती बिंदूंचा संच नसून बिंदूंचा अनुक्रम आहे, आणि लहान अनुक्रमाची निव्वळ पुनरावृत्ती नसणे एवढीच अट तिच्यावर घालावयाची.

ह्या व्याख्येने झेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील पालात्स्की विद्यापीठात यान आंद्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला. अनेकमूल्य संदर्भात तीन ह्या आवर्तकालाची भूमिका 'नकारात्मक' आहे, असे त्यांच्या त्या वर्षीच्या एका निबंधाचे शीर्षकच सांगते. वरील उदाहरणावरून ते का, हे लक्षात येईल. पुढे आंद्रेस, पास्तोर आणि श्निरिखोवा ह्यांनी २००७ मध्ये असे दाखविले, की वर सांगितलेल्या दोन अटी पाळणाऱ्या फलनांना शार्कोव्स्कींचे प्रमेय जास्तीत जास्त दोन अपवाद वगळता लागू पडते. ऊर्ध्व अर्धसंततेऐवजी अधर अर्धसंततता घेतली, तर अपवादही उरत नाहीत. हा निष्कर्ष २००८ मधील आहे. त्यात आश्चर्य नाही. अधर अर्धसंतततेमुळे एकाच बिंदूवर अचानक उभा रेषाखंड उगवण्यास बंदी होते, आणि आपल्या उदाहरणातील सारी करामत त्या उभ्या रेषाखंडाची होती.

३

कक्षा म्हणजे अनुक्रम, हे एकदा मान्य केले की हा विषय छंदःशास्त्राच्या अगदी शेजारी येऊन बसतो.

लघू आणि गुरू अशी दोन अक्षरे घ्या. तीन अक्षरांचे आठ गण होतात. एखाद्या पंक्तीवर तीन अक्षरांची खिडकी ठेवून ती एकेक अक्षर पुढे सरकवीत नेली, तर प्रत्येक गणानंतर दोनच गण येऊ शकतात: पहिले अक्षर गळते, उरलेली दोन राहतात, आणि शेवटी लघू तरी जोडला जातो किंवा गुरू तरी. म्हणजे आठ गणांच्या संचावर हे एक अनेकमूल्य फलन झाले, प्रत्येक घटकाला दोन मूल्ये देणारे. म-गणावरून (तिन्ही गुरू) म-गणावर जाता येते आणि न-गणावरून न-गणावर. हे दोन स्थिर बिंदू. तीन आवर्तकालाच्या कक्षा नेमक्या दोन. पहिली य, त आणि र ह्या गणांतून जाते, कारण लघू-गुरू-गुरू हा गट फिरविला असता हेच तीन गण मिळतात. दुसरी स, ज आणि भ ह्यांतून. चार य-गणांचे भुजंगप्रयात आणि चार र-गणांची स्रग्विणी ही दोन वृत्ते ह्या दृष्टीने एकाच कक्षेची, वेगवेगळ्या ठिकाणी आरंभ केलेली, रूपे होत. तोटक आणि मौक्तिकदाम ही तशीच दुसऱ्या कक्षेची. कानाला ती चारही निराळी लागतात, हे अर्थातच खरे आहे. पंक्तीला आरंभ आणि शेवट असतो, कक्षेला नसतो.

'यमाताराजभानसलगा' हे सूत्र शाळेत सर्वांनीच पाठ केले आहे. त्यातील शेवटची दोन अक्षरे, 'लगा', लघू-गुरू आहेत, आणि पहिली दोन, 'यमा', हीही लघू-गुरूच आहेत. ती एकमेकांवर बसविली, की दहा अक्षरांच्या सूत्राचे आठ अक्षरांचे वर्तुळ होते, आणि त्यावर खिडकी फिरविली असता य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण एकेकदा येऊन पुन्हा य येतो. अशी सर्व घटकांना एकेकदाच भेटणारी वर्तुळे किती, ह्याचे सामान्य उत्तर डच गणिती डी ब्रुइन ह्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. तीन अक्षरांच्या गटांसाठी ती दोनच आहेत, आणि त्यातले एक आपल्या सूत्रात बसले आहे. दोन अक्षरांवरील आठ आवर्तकालाच्या एकूण कक्षा ३० आहेत. (कक्षा मोजताना आरंभ कोठे केला ह्याकडे दुर्लक्ष करावयाचे आणि लहान अनुक्रमांच्या पुनरावृत्ती वगळावयाच्या. अशा रीतीने २ पासून ६ पर्यंतच्या आवर्तकालांना अनुक्रमे १, २, ३, ६ आणि ९ कक्षा मिळतात.)

येथे एक शंका येणे साहजिक आहे. रेबिन आणि स्कॉट ह्यांनी अनिश्चित यंत्राचे निश्चित यंत्रात रूपांतर केले ते अवस्थांऐवजी अवस्थांचे संच विचारात घेऊन. मग आपणही बिंदूंऐवजी संच घेऊन फलन पुन्हा एकमूल्य का करू नये? तसे करता येते, परंतु त्यात नेमके जे मोजावयाचे तेच हरवते. मागील विभागातील उदाहरणात १ हा एकच बिंदू असलेल्या संचापासून निघा. पहिल्या पायरीला २ मिळतो, दुसऱ्या पायरीला २ ते ३ हे अंतराल, तिसऱ्या पायरीला १ ते ३ हे संपूर्ण अंतराल, आणि त्यानंतर तेच ते. सारे आवर्तकाल त्या एका स्थिर संचाच्या पोटात गडप झाले. एखादे वाक्य व्याकरणात बसते की नाही एवढेच ठरवावयाचे असेल, तर संचाची युक्ती पुरेशी आहे. ते किती वाटांनी सिद्ध होते हे विचारले, की ती मुकी होते.

४

आता अवकल समावेशनांकडे वळू. अवकल समीकरणात वस्तूची स्थिती आणि काल दिले असता तिचा वेग कोणता, हे सांगितलेले असते. अवकल समावेशनात वेग कोणत्या संचातील असावा, एवढेच सांगितलेले असते. 'बरोबर' ह्या चिन्हाच्या जागी 'चा घटक आहे' हे चिन्ह येते. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये मार्शो आणि पोलंडमध्ये झारेम्बा ह्यांनी अशा संबंधांचा अभ्यास आरंभिला. १९६० च्या सुमारास फिलिपोव (मॉस्को) आणि वाझेव्स्की (क्राकूव्ह) ह्यांच्या हाती त्याला नवे बळ आले, कारण तोपर्यंत नियंत्रणाचे प्रश्न पुढे आले होते. नावेचे सुकाणू कसेही वळविण्याची मोकळीक असेल, तर नावेची गती सांगणारे विधान समीकरण नसून समावेशनच असते.

दुसरे नेहमीचे उदाहरण कोरड्या घर्षणाचे. मेजावर सरकणाऱ्या ठोकळ्यावरील घर्षण त्याच्या वेगाच्या उलट दिशेने असते. पण ठोकळा थांबलेला असताना ते दोन मर्यादांच्या दरम्यान कोणतेही असू शकते, म्हणजे बाहेरील जोराला पुरून उरण्याइतके. शून्य वेगाला घर्षणाचे एक संपूर्ण अंतराल नेमलेले असते. मात्र एवढ्यावरून पुढचा प्रवास अनिश्चित होतो असे समजू नये. घर्षण विरोधी असल्यामुळे दोन वेग एकमेकांपासून दूर जात नाहीत, आणि दिलेल्या आरंभापासून पुढील वेग एकच निघतो. अनिश्चित होतो तो भूतकाळ, कारण थांबलेल्या ठोकळ्याकडे पाहून तो केव्हा थांबला हे सांगता येत नाही. समावेशन अनेकमूल्य असणे ही एक गोष्ट, आणि त्यातून निघणारे काल-संक्रमण अनेकमूल्य असणे ही दुसरी. ह्या दोहोंत गल्लत झालेली वारंवार आढळते.

काल-संक्रमण म्हणजे काय? समजा, वेग ठरविणारा नियम आ एवढ्या कालानंतर पुन्हा तोच होतो, जसा ऋतूंचा परिणाम वर्षानंतर. आज क्ष ह्या स्थितीत असलेली वस्तू आ कालानंतर कोठे असेल, हे सांगणारे फलन म्हणजे प्वँकारेंचे संक्रमण-फलन. स्थिती एकाच संख्येने व्यक्त होत असेल आणि प्रत्येक आरंभापासून एकच उकल निघत असेल, तर दोन उकली एकमेकींना कधी छेदत नाहीत, त्यांचा वरखाली क्रम टिकतो, आणि म्हणून संक्रमण-फलन वर्धमान असते. वर्धमान फलनाखाली एकदा वर गेलेला बिंदू वरवरच जात राहतो. परत यावयाचे असेल तर त्याने पहिल्याच पायरीत स्वस्थानी यावे लागते. त्यामुळे अशा समीकरणास २आ, ३आ अशा खऱ्या अर्थाने मोठ्या आवर्तकालाची उकल असू शकत नाही, आणि शार्कोव्स्कींच्या प्रमेयाला तेथे काही कामच उरत नाही.

एकमेवता गेली की चित्र पालटते. आरंभ तोच असूनही उकली अनेक निघू लागतात. दिलेल्या क्षणी त्या ज्या स्थितींना पोहोचतात त्या सर्व मिळून एक अंतराल होते, हे क्नेसर ह्यांनी १९२३ मध्ये दाखविले होते. संक्रमण-फलन आता अंतराल-मूल्य आणि ऊर्ध्व अर्धसंतत झाले, म्हणजे नेमके दुसऱ्या विभागातील प्रकारचे. तेव्हा त्या विभागातील अपवादांसह सांगितलेले प्रमेय येथे वापरावे, असा मार्ग दिसतो. आंद्रेस आणि सहकारी प्रथम त्याच मार्गाने गेले. परंतु आंद्रेस, फ्युर्स्ट आणि पास्तोर ह्यांनी २००७ मध्ये जे सिद्ध केले ते ह्याहून कितीतरी बलवान आहे. एका संख्येने व्यक्त होणाऱ्या स्थितीच्या बाबतीत २आ आवर्तकालाची एक जरी खरी उकल असली, तरी सर्व आवर्तकालांच्या उकली असतात. शार्कोव्स्कींच्या क्रमात शेवटून दुसरा असलेला अंक येथे सर्वांच्या अग्रभागी जाऊन बसतो.

ह्याचे मर्म पुढील युक्तिवादात आहे. एक उकल २आ कालाने पुनरावृत्त होते, पण आ कालाने होत नाही, असे समजा. ती उकल आणि तीच आ कालाने पुढे सरकवलेली उकल अशा दोन वक्ररेषा एकाच कागदावर काढा. नियम आ कालाने पुनरावृत्त होत असल्यामुळे सरकवलेली रेषाही उकलच आहे. एका क्षणी पहिली रेषा वर असेल, तर आ कालानंतर दुसरी वर असते, कारण तेवढ्या वेळात त्यांनी जागांची अदलाबदल केलेली असते. म्हणजे दरम्यान केव्हातरी त्या एकमेकींना भेटल्याच पाहिजेत. हे पुन्हा मध्यमूल्य प्रमेयच. त्या भेटीच्या क्षणापासून मोजू लागलो, तर मूळ उकल पहिल्या आ कालात भेटीच्या बिंदूपासून निघून त्याच बिंदूवर येते, आणि दुसऱ्या आ कालातही तेच करते. हे दोन तुकडे भिन्न आहेत, नाहीतर उकल आ कालानेच पुनरावृत्त झाली असती. पहिल्याला 'ल' म्हणू, दुसऱ्याला 'ग'. दोन्ही एकाच बिंदूवर सुरू होतात आणि तेथेच संपतात, म्हणून त्यांची जोडणी कोणत्याही क्रमाने करता येते, आणि प्रत्येक जोडणी ही उकलच असते. लगल, लगग, लललग, हवे ते लिहावे. पाच आवर्तकालाची उकल हवी असेल तर एक ल आणि चार ग लिहून तो गट फिरवीत राहावा. ३आ किंवा त्याहून मोठ्या आवर्तकालापासून आरंभ केला तरी हाच युक्तिवाद चालतो: रेषा स्वतःच्याच सरकवलेल्या रूपाला कोठेतरी भेटते, तेथून आ कालाचा एक तुकडा सुटा होतो, आणि उरलेल्या तुकड्यावर हेच पुन्हा करता येते.

ह्या सिद्धतेत समीकरण आहे की समावेशन, ह्याचा कोठेही उपयोग केलेला नाही. उकल आ कालाने सरकविता यावी, आणि एकाच बिंदूवर भेटणाऱ्या उकली जोडता याव्यात, एवढेच पुरते. एका भेटीच्या क्षणी असलेला एक विकल्प, आणि त्यातून लघू-गुरूंचा सारा प्रस्तार.

५

एखादे प्रत्यक्ष समीकरण पाहिल्याशिवाय हे सारे हवेत राहील. क्ष हा काल ट बरोबर बदलतो आणि त्याचा अवकलज २ √|क्ष| ज्या २ट इतका आहे, असे समजा. उजवी बाजू सर्वत्र संतत आहे. ज्या २ट ह्याच्या आवर्तकालास आ म्हणू. सर्वत्र शून्य असणे ही एक उकल उघडच आहे. दुसरी उकल ज्या ट ह्याच्या चौथ्या घाताची. वाचकाने अवकलन करून पडताळा घ्यावा. ती ट = ० येथे शून्यापासून निघते, अर्ध्या आवर्तकालात १ पर्यंत चढते, आणि आ संपताच शून्यावर परत येते. हेच आपले ल आणि ग. प्रत्येक आवर्तकालाच्या आरंभी स्वस्थ बसावे की एक उसळी घ्यावी, हे समीकरण ठरवीत नाही.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. एकाआड एक ल आणि ग घेतले तर २आ आवर्तकालाची उकल मिळते. तिचे निरीक्षण प्रत्येक आवर्तकालाच्या आरंभी केले, तर ०, ०, ०, ... असेच दिसत राहते; निरीक्षण अर्ध्यावर केले तर ०, १, ०, १, ... दिसते. बिंदू पाहणाऱ्याला पहिल्या खेपेस काहीच हालचाल आढळत नाही. आवर्तकाल बिंदूचा नसून निवडींचा, असे जे आरंभी म्हटले, त्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. शून्याच्या खालच्या बाजूस उत्तरार्धात निसटून जाणाऱ्याही उकली आहेत. त्या हिशेबात घेतल्या, तर आरंभीच्या क्षणांवरील संक्रमण-फलन पूर्ण लिहिता येते: −१ ते ० ह्या अंतरालातील कोणत्याही बिंदूपासून त्याच अंतरालातील कोणत्याही बिंदूला जाता येते, आणि त्या अंतरालाबाहेरील प्रत्येक बिंदू स्वस्थानी परततो.

ही समृद्धी कितपत टिकाऊ आहे? समीकरणातील √|क्ष| च्या जागी क्ष च्या वर्गात एक अत्यल्प धन संख्या मिळवून येणाऱ्या बेरजेचे चौथे मूळ घालावे. आलेखात फरक डोळ्यांना दिसणार नाही. परंतु आता प्रत्येक आरंभापासून एकच उकल निघते, आणि प्रत्येक उकल आ कालानेच पुनरावृत्त होते. बाकीचे सारे आवर्तकाल एका क्षणात नाहीसे होतात. हे अपघाताने घडलेले नाही. संतत उजव्या बाजू असलेल्या समीकरणांपैकी 'बहुतेक' समीकरणांना एकमेव उकल असते, हे ऑर्लिच ह्यांनी १९३२ मध्ये एका निश्चित अर्थाने सिद्ध केले. तेव्हा साध्या समीकरणांपुरते पाहिल्यास, दोनावरून सर्व आवर्तकाल देणारे प्रमेय अपवादात्मक समीकरणांविषयीच काही सांगते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. समावेशनांना मात्र तो लागू नाही. सुकाणू धरणाऱ्याचे स्वातंत्र्य हा उजव्या बाजूच्या खडबडीतपणातून आलेला अपघात नसतो. तो प्रश्नाचाच भाग असतो, आणि उजवी बाजू किंचित बदलून तो नाहीसा करता येत नाही.

राहिला प्रश्न एकाच संख्येच्या अटीचा. भेटीचा युक्तिवाद सर्वस्वी तिच्यावर अवलंबून आहे: कागदावरील दोन रेषा जागा बदलताना एकमेकींना ओलांडल्यावाचून राहू शकत नाहीत. स्थिती दोन संख्यांनी व्यक्त होऊ लागली, की त्या एकमेकींना वळसा घालून जाऊ शकतात. प्रतलातील प्रत्येक बिंदू मध्याभोवती आ कालात पाव फेरी करतो अशी साधी गती घेतली, तर मध्य सोडून प्रत्येक बिंदूचा आवर्तकाल ४आ असतो, मध्याचा आ, आणि २आ किंवा ३आ आवर्तकालाचा एकही बिंदू नसतो. तेथे दोन उकली कितपत गुंफल्या जातात हे मोजण्यासाठी निराळी साधने लागतात, आणि ती बहुतेक सर्व वेण्यांच्या गणितातून येतात.